मणक्याच्या गादीतला जंतू

अकोल्या-अमरावतीकडे कंबरदुखीचं कारण कुणी फारसं शोधत बसत नाही. जिनिंगमध्ये गाठी हलवणारा हमाल, अडत्याच्या दुकानी क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेणारा माणूस, पऱ्हाटी फुटली की कमरेला ओटी बांधून महिनोन्‌महिने वाकून कापूस वेचणारी बाई; यांची पाठ दुखणारच, असं सगळे धरून चालतात. कुणाची गादी सरकते, कुणाची नस दबते, कुणाच्या मणक्यात गॅप येतो. डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरतात आणि झीज झाल्याचं सांगतात. माणूस ते मुकाट्याने पत्करतो, कारण आयुष्यभर कष्ट उपसलेल्या शरीराला हा हिशेब पटतो.

हा हिशेब वैद्यकालाही बराच काळ पटत होता. मणक्याच्या चकतीचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातल्या गादीचा, आजच्या अर्थाने अभ्यास १९३४ साली सुरू झाला. त्यापूर्वी शस्त्रक्रियेत मज्जारज्जूच्या पोकळीत कूर्चेचा तुकडा सापडला की ती गाठ समजून काढून टाकली जाई. बोस्टनच्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन शल्यचिकित्सकांनी त्या वर्षी दाखवून दिलं की ती गाठ नव्हे. दोन मणक्यांमधली चकती फाटून तिचा गाभा बाहेर आलेला असतो आणि तो नसेवर दाब देतो. पाठीपासून पायापर्यंत उतरणाऱ्या कळेचं, सायटिकाचं, कोडं एकदम सुटल्यासारखं झालं. पुढची काही दशकं पाठ म्हणजे यंत्रशास्त्राचा विषय होती. भार, दाब, वाकण्याचा कोन, उचलण्याची पद्धत, यांचीच मोजदाद चालली.

या समजुतीला छेद देणाऱ्या गोष्टी नव्वदच्या दशकात एकेक करून पुढे आल्या. १९९३ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे ओल्मार्कर आणि रिडेविक यांच्या गटाने डुकरांवर एक साधा प्रयोग केला. चकतीच्या गाभ्यातला मऊ पदार्थ त्यांनी नसेच्या मुळाशी नुसता ठेवला, दाब अजिबात दिला नाही. तरीही नसेतून संदेश वाहण्याचा वेग घटला. दाबाशिवाय नस दुखावत असेल, तर त्या पदार्थात काहीतरी दाहक असलं पाहिजे. तीन वर्षांनी अमेरिकेत शस्त्रक्रियेत काढलेल्या चकत्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या, तेव्हा त्या स्वतःच दाह पेटवणारी रसायनं सोडत असल्याचं दिसलं. निकामी समजून फेकलेल्या तुकड्यात आग धुमसत होती.

दुसरा धक्का फिनलंडमधून आला. जुळ्या भावांच्या पाठींची तुलना करणारा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. एकाने आयुष्यभर अंगमेहनत केली, दुसऱ्याने खुर्चीत बसून काम केलं, अशा जोड्या त्यात होत्या. त्यांच्या चकत्यांच्या अवस्थेत कामामुळे पडलेला फरक अपेक्षेपेक्षा फार थोडा निघाला; वारसा आणि बालपणातलं सामायिक वातावरण यांचा वाटा कितीतरी मोठा होता. मला हा निष्कर्ष पचवायला जड जातो, हे इथे लिहून टाकतो. वऱ्हाडातले श्रम ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना तो जडच जाईल. कष्टाने पाठ दुखते हे या अभ्यासाने नाकारलेलं नाही. चकती खराब होण्याचं कारण मात्र केवळ कष्टात शोधून भागणार नाही, हे त्याने दाखवलं.

मग आणखी काय?

उत्तराचा एक धागा १९८८ सालीच हाती आला होता. त्या काळी एमआरआय नवीन होता. अमेरिकेत क्लीव्हलंडचे रेडिओलॉजिस्ट मायकल मोडिक यांनी पाहिलं की खराब चकतीच्या लगतच्या हाडातही बदल होतात. काही रुग्णांत तिथे सूज आणि दाहाच्या खुणा दिसत, काहींत हाडातल्या मगजाच्या जागी चरबी साठलेली असे. पहिल्याला प्रकार एक आणि दुसऱ्याला प्रकार दोन असं नाव पडलं. अकोल्यात वा अमरावतीत आज एमआरआय काढला तरी अहवालात ‘मोडिक’ हा शब्द येऊ शकतो. प्रकार एक असलेल्या माणसांची पाठ जास्त दुखते, असंही हळूहळू लक्षात येत गेलं. हाडाला सूज का यावी, हा प्रश्न मात्र उघडाच राहिला.

२००१ साली ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या स्टर्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा लेख छापला. तीव्र सायटिकासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३६ रुग्णांच्या चकतीचे तुकडे त्यांनी जंतूंच्या वाढीसाठी ठेवले, आणि नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवले. १९ नमुन्यांत जंतू वाढले. बहुतेक ठिकाणी जंतू एकच होता, प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस. हा आपल्या सर्वांच्या कातडीवर, केसांच्या मुळाशी राहतो आणि तारुण्यात येणाऱ्या मुरुमांशी त्याचं नाव जोडलेलं आहे. पुढे त्याचं वर्गीकरण बदललं आणि २०१६पासून तो क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणून ओळखला जातो. त्याला ऑक्सिजन नकोसा असतो आणि तो फार सावकाश वाढतो.

चकतीची रचना पाहिली म्हणजे हा दावा तेव्हा इतका लोभस का वाटला ते कळतं. प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिनी नसते. रक्तवाहिन्यांवाचून जगणारा एवढा मोठा दुसरा भाग शरीरात नाही. वरच्या आणि खालच्या मणक्यांच्या पातळ पडद्यांमधून, माठातून पाणी पाझरावं तसं, पोषण आत झिरपतं. ते किती सावकाश झिरपतं हे कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलचे डॉ. एस. राजशेखरन यांनी दाखवलं. शिरेतून कॉन्ट्रास्ट द्रव्य देऊन त्यांनी रुग्णांचे चोवीस तासांपर्यंत पुन्हा पुन्हा एमआरआय काढले. गाभ्यापर्यंत पोचायला त्या द्रव्याला कित्येक तास लागत होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाला कण्याच्या अभ्यासातलं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. जिथे ऑक्सिजन जेमतेम पोचतो आणि रोगप्रतिकारक पेशी सहसा फिरकत नाहीत, तिथे ऑक्सिजन टाळणारा, सावकाश वाढणारा जंतू निवांत राहू शकेल. चकतीला चीर पडली, दात घासताना वा मुरुम फुटताना रक्तात शिरलेला जंतू तिथे पोचला, त्याची आम्लं लगतच्या हाडात उतरली आणि हाड सुजलं, अशी सगळी साखळी कागदावर जुळत होती.

बारा वर्षांनी डेन्मार्कच्या हॅने अल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी रुग्णांवर तपासून पाहिली. २०१३च्या ‘युरोपियन स्पाइन जर्नल’मध्ये त्यांचे दोन लेख एकापाठोपाठ आले. पहिल्यात ६१ रुग्णांच्या चकत्या तपासल्या होत्या. २८ जणांच्या चकत्यांत जंतू सापडले. ऑक्सिजनवाचून वाढणारे जंतू ज्यांच्यात सापडले, त्यांच्यापैकी ८० टक्के लोकांच्या लगतच्या हाडात पुढे मोडिक बदल दिसले. दुसरा लेख उपचाराचा होता. जुनी पाठदुखी, पूर्वी सरकलेली चकती आणि मोडिक प्रकार एक असलेले १६२ रुग्ण त्यांनी निवडले. एका गटाला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट हे नेहमीचं प्रतिजैविक दिलं, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. उपचार शंभर दिवस चालला. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नाही. रोजच्या हालचालींतली अडचण मोजणारी चोवीस गुणांची एक प्रश्नावली असते. वर्षाअखेरीस औषध घेतलेल्यांचा आकडा १५वरून ५.७वर आला, बिनऔषधी गोळ्या घेतलेल्यांचा १५वरून जेमतेम १४वर.

ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ही बातमी मोठ्या मथळ्यांनी छापली. नोबेलचा उल्लेख झाला, पाठ्यपुस्तकं नव्याने लिहावी लागतील असं म्हटलं गेलं. जठरव्रणाचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. काळजी आणि तिखट खाण्याने व्रण होतो असं जग मानत असताना ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागचा जंतू दाखवला, मार्शलनी तो स्वतः पिऊन पाहिला आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. पाठीचंही तसंच असेल तर जगातल्या कोट्यवधी लोकांचं दुखणं काही आठवड्यांच्या गोळ्यांनी जाईल, ही आशा खोटी नव्हती आणि ती बाळगणाऱ्यांना मी दोष देत नाही.

पण जंतू सापडला म्हणजे रोगाचं कारण सापडलं, असं होत नाही. हा धडा वऱ्हाडाला फार जवळून मिळालेला आहे, म्हणून इथे थोडं मागे जायला हवं.

कुष्ठरोगाचा जंतू गेऱ्हार्ड आर्मौअर हान्सेन यांनी १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये पाहिला. माणसाच्या जुनाट रोगामागे दिसलेल्या पहिल्या जंतूंपैकी तो एक. पण हान्सेनना ते सिद्ध करता येईना. त्यांचे सासरे डॅनियलसन स्वतः मोठे कुष्ठतज्ज्ञ होते आणि रोग आनुवंशिक आहे असं मानत होते. जंतू कुठल्याही पात्रात वाढत नव्हता, प्राण्यांत टोचून रोग होत नव्हता. पुरावा मिळवण्याच्या हट्टापायी १८७९ साली हान्सेननी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्याच्या गाठीतला अंश टोचला. तिच्यात त्यातून तशी गाठ उठली नाही. त्यांच्यावर खटला झाला आणि १८८० साली रुग्णालयातलं त्यांचं पद गेलं. शोध खरा होता, पण पुराव्याची घाई एका बाईच्या अंगावर झाली.

त्याच्याच आसपास बर्लिनमध्ये रॉबर्ट कोख क्षयाचा जंतू शोधत होते. तो त्यांनी १८८२ साली जाहीर केला आणि जंतू व रोग यांचं नातं ठरवण्याच्या कसोट्या पुढे त्यांच्या नावाने ओळखल्या गेल्या. जंतू प्रत्येक रुग्णात सापडला पाहिजे, वेगळा काढून वाढवता आला पाहिजे, निरोगी प्राण्यात टोचल्यावर तोच रोग झाला पाहिजे. कुष्ठाचा जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढवता आलेला नाही. १९६० साली उंदराच्या पायाच्या तळव्यात आणि १९७१ साली आर्माडिलो या प्राण्यात तो वाढला, त्यालाही हान्सेननंतर जवळजवळ शतक लोटावं लागलं.

तोवर जगाने निर्णय घेऊन टाकला होता. १८९७ साली बर्लिनमध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कुष्ठ परिषदेने रुग्णांना वेगळं ठेवण्याच्या बाजूने कौल दिला. पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात लेपर्स ॲक्ट आला आणि तो थेट २०१६ साली रद्द झाला. जंतू कळल्याने रुग्णाचं काही भलं होण्याआधी त्याला घराबाहेर काढायला शास्त्राचा आधार मिळाला.

अमरावतीत होमिओपॅथीची प्रॅक्टिस करणारे आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन, लोकांचे दाजीसाहेब, यांनी १९४६ साली विदर्भ महारोगी सेवा मंडळ स्थापन केलं, तेव्हा या जंतूचा शोध लागून त्र्याहत्तर वर्षं झाली होती. डॅप्सोन हे औषध नुकतंच येत होतं. शहराच्या सीमेवर तपोवन उभं राहिलं. घरातून आणि गावातून निघालेली माणसं तिथे राहू लागली, काम करू लागली. १९५९ साली दाजीसाहेबांना पद्मश्री मिळाली. विद्यापीठाकडे जाताना तपोवन लागतं. वऱ्हाडातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही.

तपोवनासारख्या ठिकाणी डॉक्टरांना रोज दिसणारी एक गोष्ट चकतीच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. कुष्ठाचा जंतू नसांच्या वेष्टनातल्या पेशींत घर करतो, पण स्वतः तो फार मंद आहे. नस मारतो तो बव्हंशी शरीराचाच दाह. शरीर उशिरा जागं होतं, जंतूवर तुटून पडतं, आणि त्या झटापटीत नस सुजते, दबते, मरते. औषधांनी जंतू मेल्यानंतरही, त्याचे अवशेष अंगात असेपर्यंत, असा दाह उसळू शकतो. म्हणून कुष्ठाच्या उपचारात जंतूनाशक औषधं एका बाजूला आणि दाह शमवणारं स्टेरॉइड दुसऱ्या बाजूला, अशी दुहेरी काळजी घ्यावी लागते. बोटं वाकण्याआधी हे उपचार पोचले की नाही, यावर माणसाचं पुढचं आयुष्य ठरतं.

आता चकतीकडे परत येऊ. इथे परिस्थिती बरोबर उलटी आहे. कुष्ठाचा जंतू पात्रात वाढवता येत नाही, तरी तो कारण आहे याबद्दल शंका उरलेली नाही. ॲक्नेस हा जंतू पात्रात वाढतो, पण तो चकतीतलाच होता की शल्यचिकित्सकाच्या सुरीबरोबर रुग्णाच्या कातडीवरून नमुन्यात आला, हे ठरवणं अवघड आहे. कातडी कितीही पुसली तरी केसांच्या मुळाशी तो उरतोच. चकतीत जंतू सापडल्याच्या बऱ्याच अहवालांवर हाच आक्षेप घेतला गेला. काही ठिकाणी चकतीबरोबर शेजारच्या स्नायूचाही नमुना घेतला, तेव्हा त्यातही तोच जंतू निघाला.

या आक्षेपाला उत्तर देणारं काम २०१७ साली चेक आणि अमेरिकी संशोधकांनी केलं. ३६८ रुग्णांच्या चकत्यांपैकी १६२मध्ये त्यांना हा जंतू मिळाला. काही चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर जंतू चिकट थरात एकत्र राहत असल्याचं दिसलं. बाहेरून नुकताच लागलेला जंतू असा थर करून बसत नाही, हा त्यांचा युक्तिवाद. त्याच वर्षी कोइम्बतूरच्या राजशेखरन यांच्या गटाने वेगळ्या वाटेने जाऊन चकतीतल्या प्रथिनांची तपासणी केली. त्यांना जंतूंची प्रथिनं मिळाली आणि जंतूंशी लढताना शरीर जी प्रथिनं वापरतं तीही मिळाली. या कामाला पुन्हा आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. २०२० साली त्यांनी आणखी पुढे जाऊन मांडलं की निरोगी चकतीतही जंतूंची वस्ती असते. अवयवदात्यांच्या चकत्या त्यासाठी तपासल्या होत्या. आजारी चकतीत त्या वस्तीची घडी बिघडलेली असते, असं त्यांचं म्हणणं.

हे काम भारतात व्हावं याला कारण आहे असं मला वाटतं. राजशेखरन यांनी आधी मणक्याच्या क्षयाने वाकलेल्या मुलांच्या पाठींचा दीर्घ अभ्यास केला आहे. पाठ म्हणजे जंतूची जागा असू शकते, ही गोष्ट युरोपातल्या डॉक्टरला पुस्तकात वाचावी लागते, भारतातल्या डॉक्टरला ती ओपीडीत भेटते. मणक्याचा क्षय बहुधा चकतीलगतच्या हाडात सुरू होतो आणि चकती सुरुवातीला बरीच तग धरते. पू करणाऱ्या इतर जंतूंच्या संसर्गात ती झपाट्याने विरघळते. कुठल्या जंतूपुढे चकती कशी वागते, याचं निरीक्षण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमा होत आलं आहे.

डेन्मार्कचा निकाल दुसरीकडे तसाच येतो का, हे पाहण्याचं काम अखेर नॉर्वेने केलं. हान्सेनच्या देशातल्या सहा रुग्णालयांतून १८० रुग्ण घेतले गेले. ११८ जणांत मोडिक प्रकार एक, ६२ जणांत प्रकार दोन. या वेळी प्रत्येकाला विचारलं गेलं, प्रत्येकाची लेखी संमती घेतली गेली. एका गटाला अमॉक्सिसिलिन, ७५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, शंभर दिवस. दुसऱ्याला बिनऔषधी गोळ्या. रुग्णाला खरोखर जाणवेल असा फरक चार गुणांचा, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०१९मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने निकाल छापला. वर्षाअखेरीस दोन गटांत फरक होता १.६ गुणांचा. नुसत्या प्रकार एकच्या रुग्णांतही तो २.३ होता. औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांना. जुन्या पाठदुखीसाठी हा उपचार सरसकट देऊ नये, असं संशोधकांनी स्पष्ट लिहिलं.

मथळे या वेळी लहान होते. मला विचाराल तर १९३४पासूनच्या या सबंध कहाणीत सर्वांत मोलाचं काम हेच आहे. निराश करणारं उत्तर मिळण्याची शक्यता पत्करून, आकडा आधी सांगून, शंभर दिवस आणि मग वर्षअखेरपर्यंत थांबून त्यांनी ते मिळवलं.

वऱ्हाडासाठी या निकालाला वेगळं वजन आहे. इथे प्रतिजैविकाची गोळी मिळायला कठीण नाही. कंबरदुखीवर तीन महिने अशी गोळी घेण्याची रीत पडली असती, तर पोट बिघडणं हा त्यातला लहान त्रास ठरला असता. औषधाला न जुमानणारे जंतू वाढले असते. आणि ज्याची पाठ खरोखर क्षयाने धरली आहे, त्याचं निदान लांबलं असतं, कारण वेदना कमी-जास्त होत राहते आणि माणूस गोळ्या संपायची वाट पाहतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपमोड करणारी कळ, पायातली ताकद कमी होणं यांपैकी काही असेल तर क्षयाची तपासणी आधी व्हायला हवी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते, औषधंही मोफत मिळतात.

वाद मिटलेला नाही. नॉर्वेच्याच गटाने नंतर आपले आकडे पुन्हा चाळले, तेव्हा ज्यांच्या एमआरआयवर हाडातली सूज फार पसरलेली होती, अशा थोड्या रुग्णांत औषधाचा फरक जास्त दिसला. हा गट लहान आहे आणि अशा नंतरच्या चाळणीवर एकट्याने विसंबता येत नाही, पण दुर्लक्षही करता येत नाही. पोटातून घेतलेलं औषध रक्तवाहिनी नसलेल्या गाभ्यात पुरेसं पोचतच नसेल, अशीही एक शंका आहे. म्हणून ब्रिटनमधल्या एका कंपनीने लिनेझोलिड हे प्रतिजैविक सुईने थेट चकतीत सोडण्याच्या चाचण्या केल्या आहेत. मोडिक प्रकार एक असलेल्यांपैकी कोणाच्या चकतीत जंतू आहे आणि कोणाच्या नाही, हे शस्त्रक्रियेवाचून सांगणारी विश्वसनीय तपासणी अजून हाती आलेली नाही. ती येईपर्यंत ‘मोडिक प्रकार एक’ असं लिहिलेला अहवाल घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टर व्यायाम देतात, वेदना आणि दाह कमी करणारी औषधं देतात, क्षय नाही ना याची खात्री करून घेतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावतात.